क्रॉसिंग ओव्हरशिवाय मायोसिस अडतं? फळमाशीचा नर बघा

भाचीच्या नीटच्या ग्रुपवर सध्या एक ‘हमखास मार्कांची’ नोट फिरतेय: मायोसिसमध्ये (अंडी-शुक्राणू बनवणारं पेशीविभाजन) क्रॉसिंग ओव्हर (जोडीतल्या गुणसूत्रांची तुकड्यांची अदलाबदल) झालंच पाहिजे, नाहीतर गुणसूत्रं वेगळी होत नाहीत, सिनॅप्टोनेमल कॉम्प्लेक्सशिवाय (जोडीला एकत्र बांधणारी प्रथिनांची चौकट) जोडी जमत नाही, प्रत्येक गुणसूत्राला जोडीदार लागतोच, आणि हे सगळ्या सजीवांना लागू. मुलं हे घोकताहेत, म्हणून संताप होतो.

पहिला मुद्दा साफ चूक, तोही 1912 पासून. फळमाशीच्या (ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर) नरात क्रॉसिंग ओव्हर होत नाही, हे जनुकशास्त्रज्ञ मॉर्गनने त्याच वर्षी छापलं. काळं शरीर आणि खुरटे पंख, दोन्ही जनुकं दुसऱ्या गुणसूत्रावर. एफ-वन (संकराच्या पहिल्या पिढीतल्या) मादीचा टेस्ट क्रॉस (दोन्ही अप्रभावी गुण असलेल्या जोडीदाराशी संकर) केला तर साधारण 17 टक्के संतती रिकॉम्बिनंट (मूळ पालकांचे गुण नव्या जुळणीत असलेली) निघते. एफ-वन नर घेऊन तोच क्रॉस करा: मूळ पालकांसारखे दोनच प्रकार, निम्मे-निम्मे, रिकॉम्बिनंट शून्य. नोटेवर विसंबून हे गणित सोडवणाऱ्याचं उत्तर चुकणारच.

मग जोडी टिकते कशी? या नरात सिनॅप्टोनेमल कॉम्प्लेक्सही बनत नाही, म्हणजे दुसरा मुद्दाही इथेच निकालात. एक्स आणि वाय ही लिंग गुणसूत्रं रायबोसोमल डीएनएच्या (रायबोसोमचा आरएनए बनवणाऱ्या जनुकांच्या) जागी जुळतात. तिथला 240 बेस-जोड्यांचा, पुन्हा पुन्हा येणारा तुकडा हे काम करतो. एक्सवरचा तो भाग उडाला की जुळणी बिघडते, आणि काही शुक्राणूंत एक्स-वाय दोन्ही जातात, तर काहींत एकही नाही. जोड्या पहिल्या ॲनाफेजपर्यंत (जोड्या सुटून दोन ध्रुवांकडे जाण्याचा टप्पा) धरून ठेवायला एमएनएम आणि एसएनएम ही प्रथिनं लागतात.

बहुतेक प्राण्यांत कायझ्माच (क्रॉसिंग ओव्हरच्या जागी दिसणारा सांधा) जोडी धरतो, एवढं मान्य. फळमाशीच्या मादीतही मोठी गुणसूत्रं सहसा त्याच्याच भरवशावर असतात. पण तिचं चिमुकलं चौथं गुणसूत्र क्रॉसिंग ओव्हरशिवायच नीट वेगळं होतं. आणि आता ‘सगळ्या माशा-डासांच्या नरात क्रॉसिंग ओव्हर नसतं’ अशी नवी नोट काढू नका. एडिस डासाच्या नरात ते होतं. रेशीमकिड्यात तर मादीत होत नाही: कॉम्प्लेक्स बनतं, पण वेळेवर विरघळत नाही, रूप बदलून मेटाफेजपर्यंत (गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर रांगेत येण्याचा टप्पा) टिकतं.

जोडीदाराचं म्हणाल तर नाकतोड्याच्या नरात एक्स एकटाच असतो. वृषणाची स्लाइड ॲसिटोकार्मिनने रंगवा. पहिल्या प्रोफेजमध्ये (विभाजनाचा सुरुवातीचा टप्पा) तो गडद, वेगळा दिसतो आणि पुढे एका ध्रुवाकडे जातो. मधमाशीच्या नरात 16 गुणसूत्रांपैकी एकालाही जोडीदार नसतो. तिथे पहिल्या विभाजनात केंद्रक नसलेला पेशीद्रवाचा फुगवटा तेवढा तुटून पडतो आणि गुणसूत्रं 16च राहतात.