दहा मिनिटांत गुंडाळलं म्हणता, त्याबद्दल

नमस्कार दादा. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत, की आम्ही हवा भरायची लहान बोट तुमच्या गळ्यात मारली, काटोलच्या शेततळ्यात ती अर्ध्या तासात ढिली पडली आणि दुकानात तुम्हाला 'दहा मिनिटांत गुंडाळलं'. लेकरू घाबरलं हे वाचून वाईट वाटलं. माफी मागतो.

पण दहा मिनिटं? रात्री पावणेनऊला आलात तुम्ही. साडेनऊला आमचं शटर पडते. बॅटींचा स्टँड आणि दोन कॅरम उचलून फुटपाथवर ठेवले तेव्हा कुठं जागा झाली. मग दोन्ही बोटी पायपंपानं फुगवल्या. मे महिना, कूलर तुमच्याकडे वळवलेला, आमच्या दुकानातला पोरगा घामानं निथळून राहिला होता आणि तुमचे साळे चपलांसकट मोठ्या बोटीत बसून फोटो काढत होते. नुसती हवा भरायलाच पंचवीस मिनिटं गेली, काढायला वेगळी. बिलावर वेळ छापली आहे, पाहून घ्या: ९:५२. नागपूरच्या बर्डीत आमच्या रांगेत तेव्हा फक्त आमचाच दिवा सुरू होता.

गळ्यात मारली म्हणता. लहान बोटीच्या डब्यावर चित्र दोन माणसांचं आहे, पण खाली वजन ९५ किलोच लिहिलंय. त्या आकड्यावर बोट ठेवून मी म्हटलं, "एक मोठा अन् एक लेकरू, बस." मोठी १८६ किलोची, मी तीच घ्या म्हणत होतो. तुम्ही हजार-बाराशेचा फरक पाहिला, तुमचा हक्क आहे. पण तुमच्याच फोटोत लहान बोटीत दोन मोठे माणसं आणि लेकरू दिसते, तेही लाइफ जॅकेटशिवाय. शेततळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद किती निसरडा असतो, पडलेल्याला वर चढता येत नाही, हे तुम्हाला मी सांगावं का?

आता ढिली पडण्याचं. दुपारच्या उन्हात हवा भरली की ती तापलेली असते. बोट गार पाण्यात गेली की हवा आकसते, त्यात नवं पीव्हीसी थोडं ताणतेही. पंक्चर नसतानाही बोट मऊ पडते, पुन्हा दोन-चार पंप मारावे लागतात. उन्हात टम्म फुगवून ठेवू नका, शिवण उकलते, एवढं सांगितलं. हे मऊ पडण्याचं मात्र सांगायचं राहिलं. ती चूक आमची. यापुढे मराठीत सूचनांचा कागद वगैरे देऊ, बनवायला टाकतो.

बोट घेऊन या. साबणाचं पाणी लावून तुमच्यासमोर पाहू. बुडबुडा निघाला तर पॅच आमच्याकडून. फरक देऊन मोठी न्यायची असेल तर तेही पाहू, एक नग शिल्लक आहे. फक्त चिखल धुऊन, वाळवून आणा. आणि जमलं तर आठच्या आत या.