‘ताई, आधी थोडं वाचत जा’ म्हणणाऱ्या वाचकास

भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली ‘एक वाचक’ अशा नावाने प्रतिक्रिया आली आहे. त्यांचं म्हणणं असं: लेखात पुणं आणि बाईंची शाळा हुजूरपागाच फार, बाईंनी भौतिकशास्त्रात नक्की काय केलं ते शेवटपर्यंत कळत नाही. मुंबई विद्यापीठातली वर्षं एका ओळीत उरकली. ‘लीलावतीज डॉटर्स’ हे भारतीय स्त्री-वैज्ञानिकांवरचं पुस्तक बाईंनी लिहिलेलं नाही, संपादित केलंय. आणि शेवटी, ‘ताई, लिहिण्याआधी थोडं वाचत जा.’

पुस्तकाचं मान्य. २००८ सालचं ते पुस्तक त्यांनी राम रामस्वामी यांच्यासोबत संपादित केलं. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

पण ‘वाचत जा’? ताई म्हणायचं आणि त्याच वाक्यात दादागिरी करायची, ही कुठली रीत? १९८६ साली मी फिजिक्समध्ये एमएस्सी झाले. वर्गात मुली तिघी. तोंडी परीक्षेला एका सरांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? ‘लग्न ठरलंय का?’ श्रोडिंजरचं समीकरण त्यानंतर. पुढे २६ वर्षं अकरावी-बारावीला शिकवलं, तेही दरवर्षी नव्याने टिपणं काढून. मी किती वाचते हे तुम्हाला चार ओळींत कळलं असेल, तर धन्य आहे.

हुजूरपागेवर लिहिलं, कारण लिहिण्यासारखं होतं. तिथे तेव्हा सातवीपर्यंत मुलींना विज्ञानाऐवजी गृहशास्त्र. अशा शाळेतली मुलगी एसपी कॉलेज आणि पवईची आयआयटी करून १९७९ मध्ये अमेरिकेतल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठाची पीएचडी मिळवते. यात तुम्हाला फक्त पुणेरी कौतुक दिसलं असेल तर मी काय करू?

‘नक्की काय केलं’ हवंय ना? घ्या. कण एकमेकांवर आदळवून अभ्यासायची प्रचंड यंत्रं असतात. प्रोटॉन म्हणजे क्वार्क आणि ग्लुऑन या त्याहून बारीक कणांचं गाठोडं, त्यामुळे दोन प्रोटॉन आदळले की कचरा फार उडतो. इलेक्ट्रॉन आणि त्याचा धन विद्युतभाराचा जुळा पॉझिट्रॉन हे मूलकण, म्हणजे आत आणखी काही नसलेले, म्हणून त्यांची टक्कर स्वच्छ, असा सगळ्यांचा भरवसा. पण ऊर्जा वाढवून कणांचे झुपके अगदी बारीक केले, की समोरच्या झुपक्याच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रात कण वळतात आणि वळताना फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, सोडतात. हे फोटॉन पुन्हा एकमेकांवर आदळतात. आता गंमत बघा. उच्च ऊर्जेला फोटॉनसुद्धा पोटात क्वार्क-ग्लुऑन असल्यासारखा वागतो! म्हणजे स्वच्छ म्हणवणाऱ्या टकरीतही हॅड्रॉनचा, म्हणजे क्वार्कांपासून बनलेल्या कणांचा, सडा पडू शकतो. भौतिकशास्त्रज्ञ मानुएल ड्रीस आणि गोडबोले यांनी हा धोका १९९१ मध्ये गणिताने दाखवला. ज्यांच्यासाठी इशारा दिला, ती यंत्रं तेव्हा फक्त कागदावर होती. यंत्राचा आराखडा करणाऱ्याला झुपक्यांचा आकार ठरवताना हे लक्षात घ्यावंच लागतं. कागद-पेन्सिलीचं काम असं यंत्राच्या मापांपर्यंत पोचतं.

(हो, १९९१ साली त्यांची नोकरी मुंबई विद्यापीठातच होती. आलं लक्षात. १९८२ ते १९९५ तिथे, नंतर बंगळूरची आयआयएससी, म्हणजे भारतीय विज्ञान संस्था. त्यावर पुन्हा कधीतरी. एका लेखात सगळं मावत नाही.)

आता तुम्ही म्हणाल, हाच परिच्छेद मूळ लेखात का नव्हता? कारण ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या गेल्याची बातमी ऐकून त्याच रात्री बसून लिहिलेला लेख होता तो, प्रबंध नव्हे. त्या वेळी मला शाळा आठवली, फोटॉन नाही आठवला. हा परिच्छेद लेखात घालायचा की नाही, ते माझं मी ठरवीन.

आणि पुढच्या वेळी स्वतःचं नाव घालून लिहा. मी तुम्हाला हाक काय मारू, दादा?