‘वर आपला एक तरी माणूस हवा’

जय ख्रिस्त.

रविवारची उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात चार माणसं बोलत उभी असली की हल्ली एक वाक्य हमखास कानावर येतं. वर आपला एक तरी माणूस हवा. वर म्हणजे महापालिकेत, मंत्रालयात, पोलिसांत. चर्चच्या जागेचा वाद असो, दफनभूमीचा प्रश्न असो, घरातल्या प्रार्थना सभेवर कोणी तक्रार केलेली असो, उत्तर ठरलेलं. असं बोलणाऱ्यांची भीती मला समजते. नाशिकमध्ये आपण मूठभर आहोत आणि मूठभर माणसांना अडचणीच्या काळात कोणाचा तरी हात धरावासा वाटतोच. पण आधी ओळख शोधायची, मग पैसा उभा करायचा आणि हे सगळं झाल्यावर पाळकसाहेबांना ‘आता प्रार्थना करून टाका’ म्हणायचं, हा क्रम आपल्यात मुरत चालला आहे. तो मला मान्य नाही.

देवावर भिस्त ठेवणं म्हणजे हातपाय न हलवणं, असं मी म्हणत नाही. मधुमेहाच्या माणसाला ‘विश्वास आहे ना, मग गोळ्या कशाला’ असं सांगणारे उपदेशक मी ऐकले आहेत आणि मला ते पाप वाटतं. बायबलमधला यहूदाचा राजा हिज्कीया मरणाला टेकला होता. त्याने भिंतीकडे तोंड करून रडत प्रार्थना केली आणि देवाने त्याला आणखी १५ वर्षं दिली. त्याच प्रसंगी यशया संदेष्ट्याने अंजिराची ढेप मागवली, ती राजाच्या गळवावर लावली आणि राजा बरा झाला. प्रार्थनाही झाली, लेपही लागला. निफाडकडचे आमचे ओळखीचे द्राक्षबागायतदार ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी या बुरशीच्या रोगासाठी एक फवारणी चुकवत नाहीत, आणि अवकाळीचे ढग दिसले की घरात सगळे गुडघे टेकतात. त्यांना यात विसंगती वाटत नाही. मलाही वाटत नाही.

स्तोत्रकर्ता म्हणतो की कोणी रथांचा अभिमान धरतात, कोणी घोड्यांचा, आम्ही मात्र आमच्या देवाच्या नावाचा. आपल्या शहरात दोन्ही गोष्टी शेजारीच आहेत. नाशिकरोडला नोटा छापल्या जातात, देवळालीला तोफखान्याचं शिक्षण दिलं जातं. देशाला दोन्ही लागतात. कितीतरी ख्रिस्ती घरं प्रेसच्या पगारावर उभी राहिली, मुलं शिकली, आणि त्या पगारासाठी आईवडिलांनी देवाचे आभार मानले ते योग्यच केलं. साधन वापरण्याबद्दल माझी तक्रार नाही. जीव कशावर टेकवला आहे, याबद्दल आहे.

हे मला सगळ्यात स्पष्ट दिसतं ते पुन्हा हिज्कीयाच्याच गोष्टीत. रविवारच्या शाळेत आपण तिचा फक्त शेवट शिकवतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

इसवी सनापूर्वी ७०१ च्या सुमाराची ही गोष्ट. अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदातली तटबंदीची नगरं एकामागून एक घेत निघाला होता. हिज्कीया देवभीरू राजा, तरी त्याने सर्वांत आधी काय केलं? माणूस पाठवून क्षमा मागितली आणि लादाल ती खंडणी देतो म्हणाला. तीनशे किक्कार (हे त्या काळचं वजनाचं माप) चांदी आणि तीस किक्कार सोनं ठरलं. ते भरण्यासाठी मंदिराच्या दारांचं सोनं उतरवलं गेलं, आणि ते सोनं हिज्कीयानेच पूर्वी मढवलेलं होतं. सन्हेरीबाने खंडणी घेतली आणि वर सैन्यही पाठवलं. त्याच्या सरदाराने यरुशलेमच्या तटाखाली उभं राहून, लोकांना कळेल अशा त्यांच्याच भाषेत सुनावलं की तुमचा भरवसा मिसरावर, म्हणजे इजिप्तवर असेल तर तो चेचलेला बोरू आहे, टेकाल तर हातात घुसेल. शत्रूच्या तोंडून आलेलं असलं तरी मिसराबद्दल ते खरंच होतं. यशया आधीपासून हेच सांगत होता.

तयारी मात्र हिज्कीयाने कसून केली होती. शहराबाहेरचे झरे बुजवले, कोट दुरुस्त केला, शस्त्रं घडवून घेतली. गीहोन झऱ्याचं पाणी शहरात आणायला त्याने खडकातून खोदलेला बोगदा म्हणून जो ओळखला जातो, तो आजही यरुशलेममध्ये आहे. लांबी सुमारे ५३३ मीटर. दोन टोकांकडून खोदत आलेले कामगार मध्ये एकमेकांना कसे भेटले, हे सांगणारा शिलालेख तिथे १८८० मध्ये सापडला. एवढं मोठं काम. आणि तरीही यशयाच्या २२ व्या अध्यायात त्या काळच्या यरुशलेमकरांना ऐकवलं आहे की तुम्ही घरं मोजलीत, कोट बळकट करायला घरं पाडलीत, दोन कोटांच्या मध्ये पाण्यासाठी हौद केलात, पण ज्याने हे घडवलं त्याच्याकडे पाहिलं नाहीत. हौद बांधू नका, असं यशया म्हणत नाही. हौद बांधताना त्यांनी मान वर केली नाही, हे त्याचं दुःख आहे.

मग धमकीचं पत्र आलं. या वेळी हिज्कीयाने खजिन्याकडे पाहिलं नाही की मिसराकडे निरोप पाठवला नाही. पत्र वाचलं, ते घेऊन देवाच्या मंदिरात गेला आणि परमेश्वरासमोर पसरून ठेवलं. सोनं उतरवलेल्या त्याच मंदिरात. यरुशलेम वाचलं. सन्हेरीबाने स्वतःच्या लेखातही हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडलं एवढीच बढाई मारली आहे, शहर घेतलं असं लिहिलेलं नाही.

आता आपल्याकडे पाहा. निवडणूक आली की उमेदवाराला उपासनेत बोलावून शाल-श्रीफळ द्यायचं, उपदेशाच्या जागी उभं करायचं, ‘आपल्या समाजाची मतं’ असा हिशेब त्याच्यापुढे मांडायचा. हे मंदिराच्या दाराचं सोनं आहे. जे देवासाठी मढवलं, तेच उतरवून देतो आहोत, आणि बदल्यात काय मिळतं? पुढच्या वर्षी तोच माणूस पक्ष बदलतो आणि आपला फोन उचलत नाही. मत जरूर द्या, नागरिक म्हणून तक्रार करा, अर्ज करा, कोर्टात जा. राज्यघटनेने दिलेला हक्क मागण्यात कसलाच अविश्वास नाही; प्रेषित पौलानेही आपलं रोमी नागरिकत्व पुढे करून कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली होती. पण व्यासपीठ विकू नका.

आपली मुळं तर शक्तीत नव्हतीच. शरणपूर रोडवरून रोज हजारो लोक गाड्या काढत जातात. त्यांतल्या किती जणांना माहीत असेल की शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये वसवलेली ख्रिस्ती वस्ती होती? गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे वाढली, लिहायला-वाचायला आणि हाताचं काम शिकली. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढे मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या सोबत आफ्रिकेत गेला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा त्याचं हृदय तिथेच पुरताना जेकबनेच प्रार्थना वाचली. नंतर तो आणि त्याचे सोबती कित्येक महिने चालून तो देह किनाऱ्यापर्यंत घेऊन आले. ज्याचं स्वतःचं गाव, आईबाप, सगळं हिसकावलं गेलं होतं, असा हा नाशिकमध्ये शिकलेला मुलगा. ‘वर’ त्याचं कोण होतं?

यावर कोणी म्हणेल, मिशनच्या मागे इंग्रज सरकार होतं. होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. बंगले, जमिनी, साहेबाचा शब्द, सगळं होतं. पण १९४७ मध्ये ते सरकार गेलं, आणि ज्या जमिनींवर आपण एवढी भिस्त ठेवली त्यांच्यावरूनच आज भावाभावांत खटले चालू आहेत. टिकलं ते दुसरंच. आपल्या जवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्यामुळे आपल्या ओठी आलेली मराठी भजनं टिकली. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली वर्षं ताटातुटीत आणि अपमानात गेली. आणि १९१७ मध्ये, तब्येत खचत आलेली असताना, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा भक्तांचा समुदाय सुरू केला. दोन वर्षांनी ते गेले. पगार सोडण्याची ती वेळ कोणत्याही हिशेबात बसत नाही.

मी प्रोटेस्टंट मंडळीत वाढले आणि नवसाबद्दल माझे प्रश्न आहेत. पण फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेत जी गर्दी होते, त्यात ख्रिस्ती नसलेली कितीतरी माणसं नुसती गरज घेऊन आलेली असतात, आणि त्यांच्याकडे बघून मला वाटतं की मागणं म्हणजे काय हे यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

शेवटचं बोलते, आणि हे सगळ्यात अवघड आहे. देवावर टेकलं की प्रत्येक वेळी यरुशलेम वाचतंच असं नाही. सुमारे शंभर वर्षांनी लोक ‘परमेश्वराचं मंदिर, परमेश्वराचं मंदिर’ असं घोकत बसले. मंदिर आहे म्हणजे आपलं काही बिघडणार नाही, असा त्यांचा समज. यिर्मया संदेष्ट्याने तेव्हाच सांगितलं की या बोलण्यावर भिस्त ठेवू नका. पुढे ते मंदिर जळालं. देवाऐवजी देवाच्या इमारतीवर, जुन्या सुटकेच्या आठवणीवर भिस्त ठेवणं हीसुद्धा घोडे आणि रथच. उलट राजाच्या मूर्तीपुढे न वाकल्याबद्दल जळत्या भट्टीसमोर उभ्या केलेल्या शद्रख, मेशख आणि अबेदनगो यांनी राजाला तोंडावर सांगितलं की आमचा देव आम्हाला सोडवू शकतो, पण नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीपुढे आम्ही वाकणार नाही. पौलाला छळणारा त्रास, ज्याला तो देहातला काटा म्हणतो, तीनदा विनवूनही दूर झाला नाही. ‘विश्वास ठेवा, नोकरी मिळेल, व्हिसा लागेल’ असं सांगणाऱ्या सभांत ही पानं उघडली जात नाहीत, आणि मग एखाद्या घरात तरुण मुलगा जातो तेव्हा त्या आईला वाटतं की आपला विश्वास कमी पडला. हा घोर अन्याय आहे तिच्यावर.

येत्या कमिटीच्या सभेत मी दोन गोष्टी मांडणार आहे. आपल्या चर्चच्या जागेच्या खटल्याची फाईल वकिलांकडे जाण्याआधी एक संध्याकाळ सगळ्या मंडळीने ती पुढ्यात ठेवून प्रार्थनेत बसावं. आणि कोणत्याही पक्षाच्या उमेदवाराला उपासनेत व्यासपीठ देऊ नये, तो आपला नातेवाईक असला तरी. पाळकसाहेबांशी बोलले आहे, ते विचार करून सांगतो म्हणालेत. बाकीच्यांनी इथे लिहा, विरोध असेल तर नक्की लिहा.