तो डाग घासून काढू नका

परवा एका जुन्या इंग्लिश घराच्या दुरुस्तीचा व्हिडिओ पाहत होते. शेकोटीवर आडवी टाकलेली ओकची जाडजूड तुळई आणि तिच्यावर पाच-सहा काळे डाग, प्रत्येक डाग पाण्याच्या थेंबासारखा, खाली गोल आणि वर निमुळता. दुरुस्ती करणारा म्हणाला, पूर्वीचे लोक मेणबत्त्या किती निष्काळजीपणे लावायचे बघा. मग त्याने सँडर, म्हणजे लाकूड घासायचं यंत्र, चालवला. दोन मिनिटांत लाकूड लख्ख झालं. खाली कौतुकाचा पाऊस. मी तिथेच व्हिडिओ बंद केला, आणि तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे.

असे डाग निष्काळजीपणाने पडत नाहीत. इंग्लंडमध्ये काही अभ्यासकांनी जुन्या लाकडावर हा प्रयोग करून पाहिलाय. थेंबाचा आकार हवा असेल तर ज्योत तिरकी करून लाकडाला टेकवावी लागते आणि कितीतरी मिनिटं हात न हलवता तशीच धरावी लागते. खोल खळगा हवा असेल तर जळलेला कोळसा खरवडायचा आणि पुन्हा ज्योत लावायची. काही घरांत हे डाग उलटे आहेत, म्हणजे तुळई वर चढवण्याआधी, जमिनीवर असतानाच कुणीतरी ते पाडले. हे सगळं चुकून होईल का? कुणीतरी मुद्दाम वेळ काढून, हातात ज्योत धरून बसलं होतं. घराला आग लागू नये, वाईट काही आत येऊ नये, एवढंच त्या माणसाचं मागणं असावं.

केंट परगण्यातल्या नोल या प्रचंड वाड्यात 2014 मध्ये पुरातत्त्वज्ञांनी एका दालनाच्या फळ्या उचलल्या. हे दालन राजा पहिला जेम्स याच्या मुक्कामासाठी तयार केलेलं होतं. फळ्यांखालच्या तुळयांवर आणि शेकोटीजवळ जाळीसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या रेघा, एकात एक अडकलेले व्ही आणि जळके डाग निघाले. लाकडाच्या वाढवलयांवरून कळलं की झाड 1605-06 च्या हिवाळ्यात तोडलेलं. नोव्हेंबर 1605 मध्ये संसदेखाली बंदुकीच्या दारूची पिंपं ठेवून राजाला उडवायचा कट उघडकीला आला होता. शिवाय या राजाने 1597 मध्ये भुताखेतांवर आणि चेटकिणींवर स्वतः पुस्तक लिहिलेलं. सुतारांनी लाकूड जागेवर बसवण्याआधीच खुणा कोरल्या, वर फळ्या ठोकल्या, आणि चारशे वर्षं त्या कुणाच्या नजरेला पडल्या नाहीत. त्या काळचा देश किती धास्तावलेला होता हे मला त्या तुळईवरून जितकं कळतं तितकं दरबारी कागदांतून कळत नाही.

या खुणा वाटेल तिथे नसतात. दार, खिडकी, जिना आणि सगळ्यात जास्त शेकोटीभोवती. दार लावता येतं, खिडकी लावता येते, धुराडं मात्र आभाळाकडे सदा उघडं. शेक्सपिअरच्या जन्मघरात अशा खुणा तळघराच्या दाराजवळ आहेत, जिथे बिअर ठेवायचे. हे नुसतं इंग्लंडचं वेड नव्हे. प्राचीन मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, निनवेच्या राजवाड्यात दाराशी पुरलेले मातीचे पाच छोटे कुत्रे सापडले, इसवी सनपूर्व सातव्या शतकातले. प्रत्येकाच्या अंगावर त्याचं नाव कोरलंय, आणि एकाचं नाव आहे ‘विचार करू नको, चाव!’ मला हा कुत्रा फार आवडतो.

मेसोपोटेमियातच पुढे, इसवी सनाच्या पाचव्या ते आठव्या शतकांत, आतून गोल गोल मंत्र लिहिलेले मातीचे वाडगे घरात पालथे पुरायचे. निप्पूरला उत्खननात ते घरांच्या जमिनीखाली जागच्या जागी मिळाले. पण जगभरच्या संग्रहांतले शेकडो वाडगे बाजारातून आलेले आहेत. त्यांवरचा मजकूर वाचता येतो. कुठल्या खोलीत, कुठल्या कोपऱ्यात, कुणाच्या उंबऱ्याखाली होते, ते कायमचं गेलं. माझं सगळं म्हणणं इथेच आहे. खुणेचा निम्मा अर्थ तिच्या जागेत असतो. जागा पुसली की उरतं ते नुसतं जुनं भांडं किंवा जळकं लाकूड.

उलट टोकाचाही मला तितकाच राग येतो. प्रत्येक ओरखड्याला ‘चेटकिणीची खूण’ म्हणत सुटायचं! सुतार लाकडांचे सांधे जुळवायला आकडे कोरत, गवंड्यांच्या आपल्या खुणा असत. कंपासने काढलेलं सहा पाकळ्यांचं फूल दारावर एकटंच असेल तर राखणीसाठी असू शकतं, पण तीच आकृती भूमितीचा हात बसवायला कुणी शिकाऊही गिरवत असेल. हे जागा पाहूनच ठरवावं लागतं. इंग्लंडमधल्या क्रेसवेल क्रॅग्जच्या गुहेतल्या शेकडो खुणा तर अलीकडच्या रेघोट्या समजून सोडून दिल्या होत्या. 2018 मध्ये गुहा पाहायला आलेल्या दोघांनी थांबून नीट पाहिलं तेव्हा त्या राखणीच्या खुणा आहेत हे लक्षात आलं.

लंडनच्या संग्रहालयात काम केलेले रॅल्फ मेरिफिल्ड यांनी 1987 मध्येच आपल्या पुस्तकात सहकाऱ्यांना टोकलं होतं, की जादूटोण्याच्या या अवशेषांकडे पाहायला पुरातत्त्वज्ञ कचरतात. 2004 मध्ये लंडनमधल्या ग्रीनिचला एक दाढीवाल्या चेहऱ्याचा मातीचा बुधला बूच लागलेल्या अवस्थेत मिळाला. तो प्रयोगशाळेत उघडला, आणि आत मूत्र, खिळे, टाचण्या, केस, कापलेली नखं आणि खिळा टोचलेला चामड्याचा हृदयाच्या आकाराचा तुकडा निघाला. करणी उलटवायचा सतराव्या शतकातला उपाय. आधीच्या अशा बुधल्यांतलं बहुतेक वेळा ओतून दिलं गेलं होतं.

तेव्हा जुनं घर दुरुस्त करत असाल, तर रंधा मारण्याआधी एका बाजूने टॉर्च धरा. तिरप्या उजेडात बारीक रेघही वर येते. फोटो काढा, जमिनीपासूनची उंची मोजा, कुठल्या भिंतीवर कुठल्या बाजूला ते लिहा. दहा मिनिटांचं काम आहे.

इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनच्या संग्रहालयात 1950 च्या दशकात जून स्वान यांनी भिंतीत आणि धुराड्यात लपवलेल्या जुन्या बुटांची नोंदवही सुरू केली. 2012 पर्यंत तिच्यात सुमारे एकोणीसशे नोंदी झाल्या होत्या. बहुतेकदा जोडीतला एकच बूट, झिजलेला, ठिगळ लावलेला, पायाचा आकार धरून बसलेला. जवळजवळ निम्मे लहान मुलांचे. कुणी, का ठेवले, याचा त्या काळचा लेखी उल्लेख नाही. असा बूट सापडल्यावर पुष्कळ लोक त्याची नोंद करून घेतात, आणि मग तो होता तिथेच परत ठेवून भिंत बुजवतात.