‘कत्तुस’मधला ‘क’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपण लेख बारकाईने वाचलात, याबद्दल मनापासून आभार. गॉथिकच्या (गॉथ लोकांच्या, आता लुप्त झालेल्या भाषेच्या) वळणावर रचलेल्या कल्पित भाषेत मांजरासाठी मी ‘कत्तुस’ हा शब्द घेतला, त्यावर आपला आक्षेप असा आहे की, भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमच्या नियमानुसार जर्मनिक भाषांत (इंग्रजी, जर्मन, गॉथिक यांच्या कुळात) मूळ ‘क’चा ‘ह’ होतो, म्हणून शब्द ‘हत्तुस’ हवा होता. ‘क’ ठेवणे म्हणजे इंग्रजी ‘कॅट’ला गॉथिक शेपूट जोडणे होय. हा निष्कर्ष मला मान्य नाही.

ग्रिमचा नियम वारशाने आलेल्या शब्दांना लागतो. तो बदल होऊन गेल्यावर बाहेरून आलेल्या शब्दांना लागत नाही. लॅटिन ‘कोर्नू’ आणि गॉथिक ‘हाउर्न’ हे शिंगाचे दोन्ही शब्द एकाच पूर्वजापासून आलेले असल्यामुळे तिथे ‘ह’ आहे; पण बिशप वुल्फिलाच्या चौथ्या शतकातील गॉथिक बायबलात सम्राटाला ‘काइसर’ म्हटले आहे, कारण तो शब्द रोमनांकडून उसना घेतलेला आहे. मांजराचा शब्दही उशिराच्या लॅटिनमधून जर्मनिक भाषांत आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्याकडे ‘घट’चा ‘घडा’ झाला, पण पोर्तुगीजांबरोबर आलेल्या ‘बटाटा’चा ‘बडाडा’ झाला नाही, त्यामागेही हाच काळाचा हिशेब आहे.

गॉथिकच्या उपलब्ध मजकुरात मांजर कुठेच येत नाही, त्यामुळे शब्दाचा शेवट तर्कानेच ठरवावा लागतो. इथे मला गाढवाचा शब्द सर्वांत मोलाचा वाटतो : गॉथिकमध्ये तो ‘असिलुस’ असा, लॅटिनमधून आलेला आणि उकारान्त नामांप्रमाणे चालणारा आहे. त्यात जुन्या नॉर्समधील (स्कँडिनेव्हियाच्या जुन्या जर्मनिक भाषेतील) मांजराच्या ‘कॉत्त्र’ या शब्दाची षष्ठी ‘कत्तर’ होते, आणि हे रूप उकारान्त मुळाकडेच बोट दाखवते. एका बाजूला उसन्या प्राण्याचे गॉथिक उदाहरण आणि दुसऱ्या बाजूला उत्तरेकडील भावंडाची साक्ष असताना ‘कत्तुस’ला इंग्रजीची नक्कल म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

आपली स्वतःची कल्पित भाषा दक्षिण जर्मन वळणाची असल्याचे आपण लिहिले आहे. तिथे मात्र ध्वनिबदल टाळता येणार नाही, फक्त तो ग्रिमचा नसेल. उच्च जर्मनमधील (दक्षिणेकडील जर्मन बोलींमधील) नंतरचा व्यंजनबदल या शब्दाला गाठू शकला, म्हणूनच ‘कात्से’ हे आजचे जर्मन रूप ‘त्स’ घेऊन उभे आहे. आपल्या शब्दात ‘ह’ आणण्याऐवजी मधल्या ‘त्त’चा ‘त्स’ करावा, असे मी आग्रहाने सुचवेन.