खुलासा: 'मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी' आणि चौथीची गोष्ट

'मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी' (2013) हा ॲनिमेशनपट काढताना पिक्सार कंपनीवाले मूळ 'मॉन्स्टर्स, इंक.' (2001) विसरले, असा एक मेसेज फिरतोय. पुरावा असा: मूळ चित्रपटात मुलांना घाबरवणाऱ्या कंपनीतला राक्षस माइक आपल्या मित्राला, सलीला म्हणतो की, तू चौथीपासून माझ्या रूपावर जळतोस, प्रीक्वेलमध्ये, म्हणजे त्याआधीची गोष्ट सांगणाऱ्या या चित्रपटात, मात्र दोघे पहिल्यांदा भेटतात ते कॉलेजात.

विसंगती खरी आहे, विसरले हे खोटं. दिग्दर्शक डॅन स्कॅनलन यांनीच सांगितलंय की तो संवाद त्यांच्या लक्षात होता. शाळेतली भेट दाखवून पाहिली, पण मग मधली वर्षं गाळावी लागत होती. शेवटी मूळ चित्रपटाचे दिग्दर्शक पीट डॉक्टर यांच्याच संमतीने कथेला झुकतं माप दिलं. माझ्या मते योग्यच केलं.

मेसेजच्या शेवटी 'म्हणून प्रीक्वेल आपटला' असंही जोडलंय. जगभरात 70 कोटी डॉलरच्या वर कमावलेल्या चित्रपटाला आपटला कसं म्हणायचं?

आता मूळ चित्रपटाची सर आहे का? नाही. मूळ चित्रपटातली चिमुरडी मुलगी बू इथे नाही, तिथेच निम्मा जीव गेला. कॉलेजातल्या घाबरवण्याच्या स्पर्धांचा मधला भागही ठरीव साच्यातला. पण तळ्याकाठचा प्रसंग बघा. जिवापाड मेहनत करूनही आपल्याला कुणी घाबरत नाही, हे माइकला कळून चुकतं. आणि नंतर चमत्कार होत नाही! दोघांना कॉलेजातून काढतात, ते कंपनीत टपालखात्यापासून सुरुवात करतात. मुलांच्या चित्रपटात एवढा सरळपणा क्वचितच दिसतो. तक्रार करायचीच तर बूच्या नावाने करा, चौथीच्या नव्हे.