रेझर रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवू नका

धातूचा सेफ्टी रेझर साफ करण्याचा एक उपाय सतत फॉरवर्ड होत असतो. रेझर रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, सकाळी खायचा सोडा टाकून फेस येऊ द्या, टूथपेस्टने घासा, उकळत्या पाण्यातून काढा. अगदी नव्यासारखा होईल. रेझर सकाळी चकाकतो हे खरं आहे. पण वरचा मुलामा एकदा गेला की घरी परत चढवता येत नाही, आणि हा उपाय त्या मुलाम्याच्याच मुळावर येतो.

आधी व्हिनेगर, कारण खरं नुकसान तिथेच होतं. आज मिळणाऱ्या बऱ्याच रेझरचं डोकं झामॅक या जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेलं असतं आणि वर निकेल-क्रोमचा मुलामा असतो. क्रोमचा थर सहसा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. आतल्या कोपऱ्यांत आणि स्क्रूच्या आट्यांत तर मुलामा नीट चढतच नाही. आम्ल तिथून आत शिरतं आणि जस्त खायला लागतं. वरून काही दिसत नाही. पुढे कधीतरी प्लेटच्या कडेला मोहरीएवढा फुगवटा येतो, नखाने दाबला की पापुद्रा सुटतो आणि खाली करडा, खडबडीत खड्डा दिसतो. तोवर ती रात्र कुणाच्या लक्षातही नसते, म्हणून दोष येतो तो रेझरच्या दर्जावर.

जिलेटचे जुने रेझर पितळेचे आहेत, वर निकेल किंवा सोन्याचा मुलामा. मुलामा झिजला असेल तिथे आम्ल पितळेतलं जस्त ओढून घेतं आणि तांबूस-गुलाबी डाग राहतात. संपूर्ण स्टेनलेस स्टीलचा रेझर व्हिनेगरला बऱ्यापैकी दाद देत नाही, हे मान्य. पण आपला रेझर कशाचा आहे ते बघा, असं त्या मेसेजमध्ये कुठेच म्हटलेलं नसतं.

मुळात तो पांढरट थर बहुतेक वेळा साबणाचाच असतो. जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट साका धरतात. पातं काढा, कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, रेझरचे भाग दहा मिनिटं त्यात ठेवा आणि मऊ टूथब्रश फिरवा. एवढ्याने काम होतं. त्यानंतरही बोटाला खरखरीत लागणारे ठिपके उरले तर ते क्षार. त्यांच्यासाठी आम्ल लागतं, पण निम्मं पाणी घातलेलं व्हिनेगर, कापसाच्या काडीने, फक्त त्या ठिपक्यावर, मिनिटभर; लगेच भरपूर पाण्याने धुवायचं. मुलामा आधीच सुटलेला असेल तर तेवढंही नको.

सोड्याचा फेस बघायला छान वाटतो, पण सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना मारतात. उरतं ते जवळजवळ निरुपयोगी खारट पाणी.

टूथपेस्टमध्ये सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड असते. कडक क्रोम ती थोडीफार सोसतं, सोन्याचा पातळ मुलामा सोसत नाही. मॅट फिनिशच्या रेझरवर तर घासलेल्या जागी चकचकीत चट्टे पडतात, आणि ते जात नाहीत.

उकळत्या पाण्याचा सल्ला मला सगळ्यात अजब वाटतो. जड पाणी तापलं की त्यातले क्षार बाहेर पडतात, म्हणजे जे काढायला रात्र घालवली तेच पुन्हा बसतं. डिंकाने चिकटवलेली लाकडी किंवा रेझिनची मूठ ढिली होते ते वेगळंच. उकळणं जंतूंसाठी म्हणाल, तर स्वतःच्या रेझरला साबण-पाणी पुरतं. कुणाचा वापरलेला रेझर घेतला असेल तर धुऊन, कोरडा करून त्याचे धातूचे भाग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मूठ लाकडी किंवा रेझिनची असेल तर तिला लावू नका.

याच उपायाच्या काही आवृत्त्यांत ब्लीच घालायला सांगतात. ते अजिबात करू नका. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. नुसतं ब्लीचसुद्धा स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पाडतं.

एवढी सफाई वारंवार करायची वेळ येऊच नये असं वाटत असेल, तर दाढी झाल्यावर रेझर धुऊन झटका, मऊ कापडाने टिपा आणि वाऱ्याला उभा ठेवा. आठवड्यातून एकदा डोकं उघडून आटे कोरडे करा, कारण पाणी सगळ्यात जास्त वेळ तिथेच साचून राहतं.